खिडकीचं माप

जाहिरातीत

एका व्यक्तीसाठी खोली. स्वच्छ, हवेशीर. पलंग, टेबल, खुर्ची, कपाट. कॉलेजला चालत जाता येईल. मोठी खिडकी, भरपूर ऊन.

फोटोत पलंगावर करडी चादर होती, टेबलावर पिवळा दिवा होता, आणि खिडकीतून तिरपं ऊन आत येऊन उशीच्या कोपऱ्यावर बसलं होतं. आईने फोन हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाली, ‘हीच घे. उजेड आहे.’

आई पडदे, अभ्रे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माणसांच्या आधी तिला खिडक्या दिसायच्या. मुलगी तिची एकुलती एक. लहानपणी उशीखाली शेंगदाणे लपवायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं, ते परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तरी बदललं नाही. खारूने स्वस्तातली एक खोली शोधून ठेवली होती, पण तिला खिडकी नव्हती. आईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. शिवणाची दोन मशीन होती, एक मोटरचं आणि एक पायाचं. आईने मोटरचं विकलं.

घरमालकाने दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट आधी मागितलं. किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणाला. ‘सभ्य माणूस आहे,’ आई म्हणाली, ‘दर वेळी आधी नमस्कार लिहितो.’

किल्ली आली नाही. विमानाची तारीख आली.


फोनवर

‘पोचलीस?’

‘पोचले.’

‘खोली कशी आहे?’

‘फोटोत होती तशीच.’

‘ऊन येतं?’

‘येतं.’


फोन ठेवल्यावर

ती फुटपाथवर उभी होती, दोन बॅगांच्या मध्ये, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानासमोर. पत्ता बरोबर होता. रस्ता तोच, क्रमांक तोच. फक्त वरच्या मजल्यावर खोली नव्हती, कारण वरचा मजलाच नव्हता.

किल्लीवाल्याने फोटो बघितला आणि मान हलवली. या आधी एक मुलगा हाच फोटो घेऊन आला होता म्हणे, त्याच्या आधी एक जोडपं. ‘किल्ली हवी तर करून देतो,’ तो म्हणाला, ‘दार तेवढं तुम्ही आणा.’ मग त्याला स्वतःच्याच विनोदाची लाज वाटली असावी. त्याने आतून स्टूल आणून दिलं, पाणी दिलं, पोलीस चौकीचा रस्ता दाखवला. चौकीत तक्रार अगदी आदराने लिहून घेतली. इतक्या आदराने, की पैसे परत मिळणार नाहीत हे तिला तिथेच कळलं.

फोन करताना तिने खरं सांगायचं ठरवलं होतं. ‘पोचले’पर्यंत सगळं खरंच होतं.


फोन ठेवल्यावर, आणखी

कॉलेजच्या मुलींकडून एका ताईचा नंबर मिळाला. ताई म्हणजे नात्याची नव्हे. चार वर्षं आधी आलेली, शिकता शिकता वृद्धांच्या निवासात काम करणारी, आणि आपल्यासारखंच बोलणारी, एवढ्यावर ती ताई झाली. तिच्या घरात दोन खोल्या होत्या आणि पाच मुली. करारावर नावं दोघींची. बाकीच्या पाहुण्या. मालक बघायला यायचा असला की पाहुण्या आपापले टूथब्रश पर्समध्ये टाकून बागेत जाऊन बसायच्या.

खारूच्या वाट्याला स्वयंपाकघराशेजारची कोठी आली. तिथे पूर्वी धुण्याचं मशीन असायचं. भिंतीतून पाइपाची दोन तोंडं अजून बाहेर आलेली होती. खिडकी नव्हती. दारही नव्हतं, चौकटीवर नुसत्या बिजागऱ्या होत्या. गादी आडवी बसायची, पण झोपायचं ते पाय दुमडूनच.

‘भाडं निम्मं,’ ताई म्हणाली. ‘पाय लांब करायचे असतील तर पूर्ण.’

टपालपेटीवर नाव लावता येणार नव्हतं. नाव लावलं की मालकाला कळणार, नाही लावलं की टपालवाला पाकीट परत नेणार. बँकेचं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर मागवायचं. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असतं आणि तिथे गरम असतं, तेव्हा हीटरचं बिल वाचवायचं असेल तर अभ्यास तिथेच. भाजी बाजार आवरायच्या वेळी घ्यायची. आजारी पडायचं नाही. ताईने हे सगळं कांदा चिरता चिरता सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘घरी काय सांगितलंयस?’

खारूने सांगितलं.

‘म्हणजे तुझी आई तुला राजवाड्यात ठेवून बसलीय,’ ताई म्हणाली. ‘माझ्या घरच्यांना वाटतं मी डॉक्टरांच्या हाताखाली आहे. मी आजोबांचे डायपर बदलते. चालायचंच.’


फोनवर

‘खोली दाखव की गं एकदा.’

‘कॅमेरा बिघडलाय.’

पुढच्या आठवड्यात: ‘दाखव की.’

‘नेटवर्क नाही आई.’

त्याच्या पुढच्या आठवड्यात आईने विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं.


मग ती खोली सापडली

बसमधून. सिग्नलला बस थांबली होती आणि काचेपलीकडे, आणखी एका काचेपलीकडे, करडी चादर होती. पिवळा दिवा होता. उशीच्या कोपऱ्यावर ऊन होतं. आभाळ सकाळपासून मळकं होतं, तरी ऊन होतं.

ती पुढच्या थांब्यावर उतरून धावत मागे आली. फर्निचरचं दुकान होतं. तळमजल्यावर तीन भिंतींच्या खोल्या मांडलेल्या, चौथी बाजू गिऱ्हाइकांसाठी उघडी. मुलांची खोली, म्हाताऱ्यांची खोली, आणि कोपऱ्यात, एका व्यक्तीसाठी. नमस्कार लिहिणाऱ्या माणसाने फोटो इथूनच उचलला होता.

ती पलंगावर बसली. मग खिडकीजवळ गेली. दुधी काच होती, काचेमागे ट्यूब होत्या, ट्यूबमागे फळी. उशीवरचं ऊन छतात लपवलेल्या एका दिव्यातून पडत होतं. पलंगावर किंमत लावलेली होती, टेबलावर, दिव्यावर, चादरीवरसुद्धा. खिडकी मात्र विकायची नव्हती.

तिने तिथेच विचारलं, काम आहे का. शनिवार, रविवार आणि मधली एक संध्याकाळ मिळाली. विद्यार्थ्यांना जेवढ्या तासांची परवानगी असते, त्यात ते बरोबर बसलं. काम असं: गिऱ्हाईक उठलं की चादर ताणायची, उशी फुगवायची, ड्रॉवरमधले चॉकलेटचे कागद काढायचे, मुलांना पलंगावरून उतरवायचं, ते हसून.


फोनवर

रविवार होता, दुकान उघडायला वेळ होता.

आईने फोन डावीकडे फिरवायला लावला, उजवीकडे फिरवायला लावला. टेबल बघितलं, दिवा लावून बघितला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आता तिच्याकडेच राहायला आली होती, तिनेही डोकं मध्ये घातलं.

‘कपाट उघड बघू,’ आई म्हणाली.

कपाट रिकामं होतं.

‘कपडे कुठेत?’

‘धुवायला टाकलेत.’

‘सगळे?’

‘बाई तशीच बसलीय काय गं,’ मावशी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

पुढच्या रविवारी खारू पिशवीत कपडे घेऊन गेली आणि कपाटात टांगून बसली. फोन झाल्यावर काढायचे राहिले. ते दुकानाच्या मॅनेजरबाईंना सापडले. त्यांनी आधी कपड्यांकडे बघितलं, मग खारूच्या हातातल्या फोनकडे, मग पलंगावर बसल्याच्या खुणेकडे. त्या कधी कुणाशी फार बोलत नसत. म्हणाल्या, ‘दुकान उघडायच्या आत आटपत जा. आणि चादर ताण.’


फोनवर

मावशी होती. एकटी. आईच्या पोटात दुखतं हे माहीत होतं, तपासण्या चालल्यात हेही माहीत होतं. मावशी म्हणाली, ‘पसरलंय गं.’

खारू म्हणाली, मी येते. मागून आईचा आवाज आला, ‘येऊन काय करणार आहे ती? माझ्या पोटात शिरून बसणार आहे?’ मग आईने फोन घेतला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं की मशीन विकलं ते तू तिथे राहावीस म्हणून, परत यावीस म्हणून नाही. परीक्षा दे. मग ये.


फोन ठेवल्यावर

वर्ष मध्ये सोडलं की राहण्याचा परवाना जाणार होता आणि भरलेली फी बुडणार होती. नुसतं भेटून परत यायचं, तर जाण्यायेण्याचं तिकीट. तिकिटाचे पैसे जिथे असायला हवे होते तिथे तो नमस्कार लिहिणारा माणूस बसला होता.

ताईने स्वतःकडचे थोडे देऊ केले. खारूने हिशेब केला, मग हिशेब करणं सोडून दिलं. परीक्षेनंतरच्या तारखेवर ताईने बोट ठेवलं. ‘तोवर थांबतील त्या,’ ती म्हणाली. तिने रोज म्हातारी माणसं बघितलेली होती. म्हणताना तिने खारूकडे बघितलं नाही.


फोनवर

‘पडदा का नाही खिडकीला?’

आई बसती झाली होती. गालांची हाडं वर आली होती, पण चष्मा होता, गळ्यात टेप होती.

‘लागत नाही आई इथे पडदा.’

‘लागत नाही कसा? रात्री दिवा लावलास की बाहेरून सगळी दिसतेस. पोर उघड्या खिडकीत झोपते आणि आई पडदे शिवते. लोक काय म्हणतील ते सोड, मलाच झोप येत नाही. माप घे.’

‘तू आता शिवत बसणार आहेस?’

‘नाही, नाचत बसणार आहे. माप घे.’


माप

दुकानाच्या टेपने घेतलं. आई फोनवरून सांगत होती आणि ती करत होती. काचेचं नको, दांडीचं घे. दांडी नाही? मग चौकटीच्या वर चार बोटं सोड, तिथे दांडी लागेल असं धर. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त. खाली कुठवर? कठड्यापर्यंत नको, तोकडं दिसतं, कठड्याच्या खाली वीतभर. टेप सैल सोडू नकोस गं, ओढून धर. तुला कधी शिकवलंच नाही मी काही.

‘ऊन कुठल्या बाजूने येतं?’

‘डावीकडून.’

‘सकाळी का दुपारी?’

खारूने छतातल्या दिव्याकडे बघितलं. ‘दिवसभर.’

‘दिवसभर डावीकडून,’ आई म्हणाली, आणि आकडा लिहायला कागद न घेता खडूने टेबलावरच लिहिला.


मावशीने नंतर सांगितलं ते

आईच्या पायात मशीन चालवायची ताकद नव्हती. मोटरचं असतं तर बटणावर झालं असतं. मग मावशी मशीनखाली फरशीवर बसली आणि पायडल दोन्ही हातांनी दाबत राहिली. वरून आई कापड धरायची आणि म्हणायची, चल. थांब. चल. सावकाश, बैलगाडी हाकतेयस का. मावशी खालून म्हणायची, बैल दमलाय. एक शिवण झाली की दोघी दम खायच्या, एक वर आणि एक खाली. चुण्या आईने हाताने घातल्या.

कापड हिरवट होतं, कैरीच्या सालीसारखं. कुणाच्या तरी ऑर्डरमधून उरलेलं, आईने कधीचं जपून ठेवलेलं.

खालची दुमड घालताना मावशी म्हणाली, एवढी? वाया जातंय कापड. आई म्हणाली, राहू दे.


पार्सल

पार्सल दुकानाच्या पत्त्यावर आलं. आईने विचारलंच होतं, दुकान कसलं? आम्ही दुकानाच्या वरच राहतो, असं खारूने सांगितलं होतं. एका दुकानावर मजला नव्हता आणि दुसऱ्यावर होता, एवढंच त्यात खरं.

मॅनेजरबाईंनी पार्सल स्वतः आणून दिलं. दांडी स्टोअरमधून काढून दिली. स्क्रू मारायला माणूस पाठवला आणि तो पडद्याला किंमत लावायला लागला तेव्हा त्याचा हात धरून थांबवला.


फोनवर

आता आई दवाखान्यात होती. जागी असायची तो वेळ कमी कमी होत चालला होता आणि तो कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मावशीने सांगितलं होतं, जागी झाली की मी फोन करते, तू कुठेही अस, उचल.

फोन आला तेव्हा शनिवारची दुपार होती आणि दुकान माणसांनी भरलेलं होतं.

खारू खोलीत शिरली, पडद्याशेजारी उभी राहिली, आणि फोन धरला. फोनमध्ये दवाखान्याची उशी होती आणि उशीवर आईचा चेहरा, चष्म्याशिवाय. मावशीने चष्मा घातला. आई बघत राहिली.

‘चुणी उजवीकडची मोकळी कर,’ ती म्हणाली.

खारूने केली.

‘हं.’

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. नवरा सरळ पलंगावर बसला आणि बसल्या बसल्या उडून बघायला लागला, गादी कशी आहे ते. बायको टेबलाचा ड्रॉवर उघडून बंद करायला लागली. खारूला फोन फिरवायला जागाच नव्हती.

‘कोण आलंय?’

‘शेजारचे आहेत.’

‘बसलेत ना? चहा टाक.’

‘टाकते.’

बायको पडद्यापाशी आली. कापड बोटांत धरलं, उलटं करून शिवण बघितली, चुणीवर अंगठा फिरवला. मग बाहेर काय दिसतं ते बघायला पडदा बाजूला सारला. दुधी काच, ट्यूब, एक ट्यूब लुकलुकत होती. फोन खारूच्या हातात तसाच होता. बाईने पडदा परत ओढला आणि तिकडच्या भाषेत विचारलं, हा केवढ्याला?

‘काय म्हणतेय ती?’ आई म्हणाली.

‘विचारतेय, कोणी शिवला.’

‘मग सांग की.’

खारूने बाईला तिच्या भाषेत सांगितलं, ‘हा विकायचा नाही. माझ्या आईने शिवलाय. ही माझी आई.’ आणि फोन पुढे केला. त्या खोलीत एवढ्या महिन्यांत ती पहिलंच खरं वाक्य बोलली होती.

बाईने फोनमध्ये बघितलं. दवाखान्याची उशी बघितली, नळी बघितली. तिने नवऱ्याला खूण केली, तसा तो पलंगावरून उठला आणि का उठलो ते न कळून हात जोडल्यासारखे पोटापाशी धरून उभा राहिला. बाईने पडद्याचा काठ हातात उचलून आईला दाखवला आणि मान खाली घातली.

आई हसली. तिला हसायला बराच वेळ लागला.

‘खारू.’

‘हं.’

‘खाली दुमड जास्त सोडलीय. तुझ्या शाळेच्या फ्रॉकला सोडायचे तशी. दुसरीकडे गेलीस की उसव, लांब होईल.’

‘दुसरीकडे कुठे आई?’

‘कुठेही,’ आई म्हणाली. ‘खिडकी असेल तिकडे.’

मावशीने फोन स्वतःकडे घेतला. म्हणाली, दमली आता.


फोनवर

मावशी होती.


फोन ठेवल्यावर

परीक्षा तोंडावर होती. ती तिने दिली. काय लिहिलं ते तिला आठवत नाही.

तिकीट काढून काही उपयोग नव्हता. ती विमानात बसण्याच्या आत तिकडचं सगळं उरकणार होतं. मावशीने विचारलं, फोनवर बघतेस का शेवटचं? खारू नाही म्हणाली. मग दिवसभर वाटत राहिलं, हो म्हणायला हवं होतं. मग वाटलं, नाही तेच बरं. ताईने सुट्टी घेतली आणि तिच्याशेजारी कोठीत बसून राहिली, दोघी पाय दुमडून, पाइपाच्या तोंडांखाली.

शनिवारी ती कामावर गेली. नाही गेलं तर पगार नव्हता, आणि भाडं होतं.

दुकानात मोसम बदलत होता. जुन्या खोल्या काढून नव्या लावायच्या होत्या. मॅनेजरबाईंनी पडदा आधीच उतरवून, घडी घालून, आपल्या कपाटात ठेवला होता. घडी फार चांगली घातली होती. त्यांनी तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या की आज चादरी ताणू नकोस, हिशेबाच्या खोलीत बस. खारू बसली नाही. ती उभी राहून बघत होती.

पलंग गेला. टेबल गेलं. भिंती सुट्या झाल्या आणि त्यांच्यामागे दुकानाची खरी भिंत निघाली, सिमेंटची. मग एका कामगाराने खिडकीचे चार स्क्रू काढले, वायर खेचली, ट्यूब विझल्या. खिडकी काखेत धरून तो इकडेतिकडे बघत उभा राहिला.

‘ही कुठे ठेवू?’ त्याने विचारलं.

विचारलं मॅनेजरबाईंना. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं ते खारूने, आणि मग मिटलं.


कोठीत

घरी बाकी कुणी नव्हतं. ताईच्या डब्यातून तिने छोटी कात्री आणि सुई घेतली, पडदा मांडीवर उलटा पसरला आणि खालची दुमड उसवायला बसली. आईचा टाका बारीक होता. एकेक उचकटायला लागत होता. मध्ये एका जागी टाके वाकडे गेले होते, मोठे मोठे, एखाद्या नवशिक्या पोरीने घातल्यासारखे, आणि मग परत सरळ झाले होते. तेवढे तिने उसवले नाहीत. त्यांच्या बाजूने उसवलं आणि तो भाग दुमडलेलाच राहू दिला.

दुमड उघडली. वीतभर, आणखी वीतभर. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा कोरं होतं. मधोमध, जिथे घडी होती, तिथे आईने आखलेली खडूची रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खिडकी नव्हतीच. तिने दोरी घेतली, चौकटीवरच्या बिजागऱ्यांना बांधली, आणि दार नव्हतं तिथे पडदा लावला. तो जमिनीपर्यंत आला नाही. चार बोटं कमी पडला, आणि वाकड्या टाक्यांपाशी त्याहून जास्त.

ती आत गादीवर बसली. पाय दुमडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा दुपारचा उजेड कोठीत पहिल्यांदा हिरवट होऊन आला.

ताई आली तेव्हा पडदा तिला बाहेरून दिसला. ती बराच वेळ उभी असावी, खालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. मग तिने पडदा न सारता विचारलं, ‘आत येऊ?’

त्या घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायला काही नव्हतंच मध्ये.

‘ये,’ खारू म्हणाली.

ताईने खालचा काठ हातात घेतला. बोटांना पांढरं लागलं. ‘हे काय लागलंय गं? धुवायला टाकू का, आज माझं धुणं आहेच.’

‘नको,’ खारू म्हणाली. ‘तो धुवायचा नाही.’